बारीक स्वर

वाद्यवृंदात वाजवणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण न वाजवता बसलेल्या माणसाकडे आपण कधी पाहिले आहे काय? अकॉर्डियन छातीशी धरून तो ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत असतो. समोरच्या कागदावर एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर आकडा: २४. म्हणजे २४ बार, तालाची २४ घरे, गप्प बसायचे. सतराव्या घराशी कुणी खोकले, की संपले! आता अठरावे की एकोणिसावे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

या बिचाऱ्यासाठीच कुणा कनवाळू माणसाने बारीक स्वर काढले असावेत. वादक त्यांना क्यू नोट्स म्हणतात. आपली पाळी जवळ आली, की दुसऱ्या वाद्याची ओळखीची ओळ आपल्या कागदावर बारीक टाइपात दिसते. ती वाजवायची नाही, ऐकायची. विंगेतला नट आधीच्या पात्राचे शेवटचे वाक्य कानात धरून उभा असतो ना, तसे.

आमच्या गणेशोत्सवाच्या वाद्यवृंदाचे कागद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते माझे अक्षर बरे म्हणून. अक्षराला आता विचारतो कोण? लिहायचे संगणकावर, म्युझस्कोअर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या भरात सेबॅस्टियन डिसूझांसारखी गोव्याकडची मंडळी हे सारे हाताने लिहीत, हे आठवले की माझे सुख मला टोचते. मी क्लॅरिनेटची ओळ उचलून अकॉर्डियनच्या ओळीत ठेवतो. आमचे बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली बोलते; तो हिशेबही यंत्रच करते. स्वर निवडून 'क्यू साइझ'वर खूण केली, की ते पहिलीतल्या पोरांएवढे होतात. 'प्ले'ची खूण काढली, की यंत्र त्यांना वाजवीत नाही. वर 'क्लॅरिनेट' असे लिहायचे, झाले.

झाले म्हणतो, पण खरी गोम पुढेच आहे. हे स्वर ठेवायचे कुठे? १८२९ साली व्हिएन्नात डेमियनने पेटंट घेतले, तेव्हापासून अकॉर्डियन भात्यावर जगते आहे. मागची ओळ संपताना भाता पुरता ताणलेला राहिला, तर हवेचे बटण दाबून, आवाज न करता, तो आधी मिटून घ्यावा लागतो. ऐन वेळी मिळालेली सूचना काय कामाची? मी दोन घरे आधीपासून लिहितो. आणि तेही तिला ऐकू येईल त्याच वाद्याचे. आमची अकॉर्डियनवाली मुलगी ढोलकीच्या शेजारी बसते. पलीकडच्या टोकाचे व्हायोलिन तिच्यापर्यंत पोचतच नाही.

क्लॅरिनेटवाले काका लग्नाच्या बँडातले. सत्तरी ओलांडलेली, दमा जडलेला. एका तालमीनंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले,

"मास्तर, माझी ती ओळ पोरीच्या कागदावर लिहा."

"लिहिली आहे की, काका. दोन घरे."

"दोन नव्हे, आठही. दम कधी दगा देईल, सांगवत नाही."

बारीक स्वरांचा हा दुसरा उपयोग मला ठाऊक होता. वादक नसेल, तर त्याची ओळ दुसऱ्याने उचलायची. फक्त तसे वर स्पष्ट लिहावे लागते, नाही तर दोघेही वाजवतात, किंवा दोघेही थांबतात. रात्री मी आठही घरे लिहिली. पण 'क्लॅरिनेट नसल्यास वाजवावे' हे तीन शब्द टंकताना माझी बोटे अडखळली. दुसऱ्या दिवशी काकांनी चष्मा लावून कागद निरखला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मात्र मोठे करू नका हं. मी आहे तोवर बारीकच राहू द्या."

उत्सवात चौथ्या दिवशी कार्यक्रम झाला. काका आले, आणि आठही घरे त्यांनीच वाजवली. मध्ये एकदा श्वास अपुरा पडला, तो लोकांना कळला नसावा. भाता हलला नाही, तर अकॉर्डियनच्या पट्ट्या कितीही दाबा, आवाज होत नाही. मुलीची बोटे काकांच्या स्वरांवरून मुकाट फिरत होती. सातव्या घरात तिने हवेचे बटण दाबून भाता मिटला. नवव्याला ती बरोबर उतरली.