नाताळनंतरचा रविवार

नाताळचा उपदेश आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. पंचवीस तारखेला पाळकसाहेब जीव तोडून बोलायचे आणि आमचं निम्मं लक्ष चावणाऱ्या नव्या बुटाकडे, निम्मं घरी झाकून ठेवलेल्या केककडे. आठवतो तो त्याच्या पुढच्या रविवारचा उपदेश. अर्धी मंडळी गावाला गेलेली, उरलेली खोकत बसलेली, फराळाचे डबे तळाला लागलेले, आणि बोलायला पाळक नव्हे तर आपल्यातलंच कुणीतरी उभं.

हे बंगलोरच्या जयनगरातल्या मराठी ख्रिस्ती घरांबद्दल. घरं फार नव्हती. एका दिवाणखान्यात सतरंजी अंथरली की मावायची. कुणी अडुगोडीला मायकोत, कुणी एचएमटीत, कुणी बँकेच्या बदलीवर आलेलं, एकदोघी निमहान्समध्ये सिस्टर. मुळं नगरची, मिरजेची, कोल्हापूरची, जालन्याची. कुणाचे आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेले, कुणाच्या आजीने मिरजेला वानलेस साहेबांच्या दवाखान्यात नर्सिंग केलेलं. 1948 साली पायाभरणी झालेल्या या ब्लॉकांच्या वसाहतीत भाड्याची घरं मिळाली आणि आम्ही इथलेच झालो. सकाळी साउथ एंड सर्कलवरून बस धरून हडसन चर्चात कानडी उपासनेला नाहीतर सेंट मार्क्सला इंग्रजीला जायचं, आणि दुपारी चार वाजता कुणाच्यातरी घरी मराठी घरसभा. पेटी एकाकडून, तबला दुसऱ्याकडून, झांजा कुणाच्याही. मराठी शास्त्र इथेच मिळायचं, बायबल सोसायटीचं मुख्यालयच एम. जी. रोडवर. ‘उपासना संगीत’ मात्र गावाहून मागवावं लागे, म्हणून एकेका प्रतीत चार डोकी आणि लहान पोरांना उलटीकडून वाचायची सवय.

एरवी घरसभेला मिलर्स रोडच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातला एखादा मराठी विद्यार्थी बोलावला जायचा. 1910 पासूनचं कॉलेज ते. देशभरातून पोरं पाळक व्हायला येतात. पण नाताळच्या सुट्टीत हा पाळक-होऊ-घातलेला नगरला आईच्या हातचं खात बसलेला असायचा. असा हा रविवार वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आला, आणि त्यांना ना ग्रीक येत होतं ना हिब्रू. येत होते ते दृष्टांत.

धडे ठरलेलेच. मरीया-योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळाले, तो एक. मंदिरात म्हातारा शिमोन आणि म्हातारी हन्ना भेटली, तो दुसरा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, तो तिसरा. तिन्हींतलं कुठलंही निघालं तरी आमच्या घरातलीच एखादी वस्तू त्यात हजर व्हायची.

मिसरचं प्रकरण मास्तरकाकांचं. मास्तरकाका नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले, रेव्हरंड टिळकांच्या वळणातले. आधी एक अभंग, मग निरूपण, मध्येच कुणीतरी पेटीवर सूर धरायचा. त्यांची आजी 1900 सालच्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या अनाथालयात वाढलेली. ते स्वतः 1972 च्या दुष्काळात शाळेच्या पोरांना सुकडी वाटत होते. म्हणून ‘पळाले’ हा शब्द ते हलकेच उच्चारत. म्हणत, प्रभू येशू पहिल्यांदा परमुलखात गेला तो उपदेश द्यायला नव्हे, आसरा मागायला. आणि मग बीटीएसची लाल बस सुरू व्हायची. तिघांच्या बाकावर चौथा येतो, पाचवा येतो, आणि काय म्हणतो? आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!” मास्तरकाका मान डोलवत. बेथलेहेमच्या सराईवाल्याने अ‍ॅडजस्ट केलं नाही, मिसरच्या लोकांनी केलं. तिथल्या कुणीतरी ओसरी दिली, कुणीतरी योसेफाला रंधा दिला. शास्त्रात त्यांची नावं नाहीत. “आपल्याला या गावाने बाकावर सरकून जागा दिली आहे, लेकरांनो. आता सरकायची पाळी आपली.” आमच्या आया यावर डोळे पुसायच्या आणि मग पुढच्या महिन्यात गावाहून कुणाचातरी भाचा नोकरी शोधायला यायचा, सहा महिने बैठकीच्या खोलीत झोपायचा. दृष्टांताचे असे परिणाम व्हायचे.

दुसरे आमचे घड्याळकाका. एचएमटीत घड्याळांच्या विभागात होते, सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने 1961 साली सुरू झालेल्या. तिथे त्यांचं नेमकं काम काय हे आम्हाला कधी कळलं नाही, पण मनगटावर ‘जनता’, पांढऱ्या तबकडीचं, चामडी पट्टा घामाने काळा पडलेला. उपदेशाला उभे राहिले की आधी ते घड्याळ सोडायचे आणि कानाशी धरायचे. पहिल्या ओळीतल्या पोराच्याही कानाशी धरायचे. “चालू आहे?” “आहे.” “कधीची किल्ली?” “आज सकाळची.” मग हिशोब. पंचवीस तारखेला सकाळी पोटभर किल्ली दिली तर हे घड्याळ दीड-पावणेदोन दिवस चालेल. सत्तावीसला बंद. दिसायला तेच, तबकडी तीच, काटे तेच. वेळ मात्र परवाची. नाताळची किल्ली पुढच्या नाताळपर्यंत पुरेल असं समजणारे भाविक आपल्यात आहेत, असं म्हणून ते चष्म्यावरून एका विशिष्ट कोपऱ्याकडे बघत, जिथे वर्षातून दोनदाच येणारी दोन कुटुंबं बसलेली असत. ती कुटुंबं शांतपणे चकली मोडत. आजही आमच्यातल्या पुष्कळांना सव्वीस तारखेला रात्री झोपताना काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटतं, ते या घड्याळामुळे.

बारा वर्षांच्या येशूला मात्र प्रत्येक घराने आपला मानला होता, कारण प्रत्येक घरात एक मिरज स्टेशनवर राहिलेलं पोर होतं. त्या काळी मिरजेला गाडी बदलावी लागे. पुण्याकडून येणारी मोठ्या रुळांची, बंगलोरकडे जाणारी लहान रुळांची. मध्ये फलाट, जिना, हमाल आणि आमचं सामान: होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, आजीची औषधाची पिशवी, भाकऱ्यांचं फडकं आणि गावाहून मिळालेलं एखादं लिंबाचं लोणचं, ज्याचं तेल हमखास होल्डॉलमध्ये झिरपायचं. डोकी मोजायची राहायची. आईला वाटायचं तो मामांबरोबर आहे, मामांना वाटायचं आईबरोबर. मरीया-योसेफ अख्खा दिवसभर चालले याच समजुतीवर. आम्ही फक्त पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन दमलेल्या म्हशीसारखे परत फिरलो, असं एक काका रंगवून सांगत. गाडी निघून गेलेली असताना ते परत कसे फिरले, हे कुणी विचारलं नाही. दृष्टांतात गाडी थांबते.

मिरजेच्या आत्या उभ्या राहायच्या तेव्हा विषय हन्नाचा. आत्या निवृत्त मेट्रन. आवाज वॉर्डात घुमायचा तसाच. त्यांची तक्रार शास्त्राविरुद्ध नव्हती, उपदेशकांविरुद्ध होती. शिमोनाला सगळे उचलून धरतात, त्याने बाळ हातात घेतलं, स्तोत्र म्हटलं. चौऱ्यांशी वर्षांची विधवा हन्ना रात्रंदिवस मंदिरातच होती, तिचं काय? मंदिर कोण झाडत होतं? दिव्यात तेल कोण घालत होतं? म्हाताऱ्या शिमोनाला पाणी कोण देत होतं? लूकने हे लिहिलेलं नाही, पण आत्यांनी तीस वर्षं रात्रपाळी केली होती, त्यांना लिहायची गरज वाटत नव्हती. सभेनंतर पुरुषमंडळींनी आपापले स्टीलचे पेले स्वतः मोरीत नेऊन ठेवायचे हा नियम त्यांचाच. तो पुढच्या रविवारपर्यंत टिकायचा.

या दृष्टांतांना कच्चा माल कमी पडत नव्हता, कारण घरात काही टाकलंच जात नव्हतं. नाताळचे कपडे चारदा मिरवायचे: पंचवीसला, नंतरच्या रविवारी, वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला आणि एक जानेवारीला. मग ते कपाटात जाऊन थेट ईस्टरला बाहेर. फ्रॉकला आत तीन बोटं दुमड, पँटला चार. येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला या वचनावर एका काकूंनी भर सभेत आपल्या लेकीच्या फ्रॉकची दुमड उलटून दाखवली होती: वाढीची सोय आधीच करून ठेवावी लागते. लेक आता आजी झाली आहे, अजून त्या प्रसंगाबद्दल बोलत नाही. भेटीच्या कागदावरची चिकटपट्टी वाफेवर सोडवायची, कागद गादीखाली दाबून सपाट करायचा. रिबिनींना इस्त्री. ग्रीटिंग कार्डं कापून शास्त्रात ठेवायच्या खुणा. केकच्या डब्यातला लोण्याचा कागद पुढच्या वर्षासाठी पुसून ठेवलेला. बांबूच्या कामट्यांचा तारा, लाल पतंगी कागदाचा, आकाशकंदील करणाऱ्या हातांनीच केलेला. फाटला की खळ लावून ठिगळ. तो सव्वीसला उतरवायचा नाही यावर मास्तरकाका ठाम होते. मागी लोक अजून वाटेत आहेत, सहा जानेवारीला पोचतील, तोवर दिवा जळू दे. घरमालक विजेच्या बिलाकडे बोट दाखवायचे. मग तारा लटकलेलाच राही, दिवा मात्र सातनंतर तासभर.

फराळाचंही तसंच. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, शेव, बेसनाचे लाडू. शेजारच्या कानडी घरांत डबे गेले की तिथल्या अज्जी कौतुकाने म्हणायच्या, यांची दिवाळी उशिरा येते. डबा रिकामा परत येत नसे. तो संक्रांतीला यायचा, एळ्ळु-बेल्लाने भरून, वर साखरेची एक आकृती आणि उसाचं कांडं. नाताळनंतरच्या रविवारी मात्र उरलासुरला चुरा, तुटक्या करंज्या आणि डोळ्यांत पाणी आणणारा चिवडा घरसभेला यायचा. पाच भाकरी आणि दोन मासे या चमत्काराचा उल्लेख दर वर्षी कुणीतरी करायचंच.

पाळकांचा राग येऊ नये, पण त्यांचे दृष्टांत बहुतेक छापील असायचे. दीपस्तंभ, वादळात सापडलेला कप्तान, बर्फात हरवलेलं कोकरू. लालबागच्या पलीकडे थंडी न पाहिलेल्या आम्हाला बर्फातलं कोकरू कसं कळणार? ऐकताना बरं वाटायचं, दारातल्या चपला शोधताना विसरून जायचं. आता तर फोनवर हवे तेवढे तयार मिळतात, रविवारचा धडा टाका की दहा दृष्टांत. त्यातले मासलेवाईक दोन मी ऐकले. एकात पुन्हा बर्फ होता.

आमच्या दृष्टांतांचा माल मात्र संपत गेला. मिरज-बंगलोर रस्ता नव्वदीच्या दशकात मोठ्या रुळांचा झाला, आता पोर फलाटावर राहत नाही. एचएमटी वॉचेस बंद करायचं सरकारने 2016 साली ठरवलं. पुढच्याच वर्षी जयनगरात मेट्रो धावू लागली. तयार कपड्यांना दुमड नसते. बैठी घरं पाडून मजले चढले. मुलं कॅनडात, टेक्सासात. तिथल्या मराठी मंडळीत नाताळनंतरच्या रविवारी काय बोलतात कोण जाणे. त्यांच्याकडे बर्फ तरी खरा आहे.

एक विनंती. ही वडीलधारी माणसं उपदेशाची टिपणं बँकेने फुकट दिलेल्या डायऱ्यांत लिहीत. पुढची पानं किराणा आणि दूधवाल्याची, मागची पानं शास्त्राची. घर आवरताना अशी डायरी सापडली तर रद्दीत घालण्याआधी मागून उघडून बघा. अक्षर लागलं नाही तर आम्हाला कळवा. आम्ही फोर्थ ब्लॉकातच आहोत, वाचून देऊ. चहा तयार असेल, फराळाचं मात्र आधी सांगून या.