न वाढलेला गज

मनुष्याचें दुःख त्याच्या चेहऱ्यावर वाचतां येतें, असा एक समज आपल्या समाजांत फार दृढ आहे. जो रडला त्याला दुःख झालें, जो ओरडला त्याच्यावर अन्याय झाला, आणि जो आपल्या जागीं स्वस्थ बसला आहे त्याचें बरें चाललें आहे, अशी आपली साधी सरळ मोजणी असते. ही मोजणी किती लंगडी आहे हें दाखविण्यासाठीं आजवर कवींनीं पुष्कळ शाई खर्च केली. आम्ही आज साक्षीला बोलावीत आहोंत तो मात्र कवि नव्हे. तो एक पोलादी गज आहे.

एक मीटर लांबीचा आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाचा पोलादी गज आढ्याला टांगला आहे, अशी कल्पना करा. त्याच्या खालच्या टोंकाला एक टन वजन अडकविलें तर तो लांबतो, पण किती? अवघा अर्धा मिलिमीटर. वजन दुप्पट केलें तर ही वाढ दुप्पट होते, आणि वजन काढून घेतलें म्हणजे गज पुन्हां मूळ मापावर येतो. जितकी ओढ तितकी वाढ, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं उघड केला. आणि पदार्थाचा ताठरपणा एका अंकानें सांगतां येतो, ही कल्पना थॉमस यंग यानें १८०७ सालीं मांडली. अर्थात् या नियमालाही मर्यादा आहे. ती ओलांडली कीं गज परत येत नाहीं. तो कायमचा लांबतो व शेवटीं तुटतो.

आतां तें वजन काढा आणि तोच गज नुसता तापवा. उष्णतामान ४० अंशांनीं वाढलें कीं तो जवळजवळ तितकाच, म्हणजे अर्धा मिलिमीटरच, लांबतो. मोजपट्टी घेऊन बसलेल्या माणसाला दोन्ही गज सारखेच. आंतली हकीकत मात्र अगदीं निराळी! पहिल्या गजाच्या कणाकणावर ओढ आहे. दुसऱ्याला वाढावयास जागा मिळाली, म्हणून तो वाढला. त्याच्या पोटांत ताण असा मुळींच नाहीं.

आणखी एक तिसरा गज घेऊं. तसूभरही न हलणाऱ्या दोन भिंतींच्या मध्यें त्याचीं टोंकें पक्कीं बसवूं आणि त्यालाही ४० अंशांनीं तापवूं. हा गज किती वाढला? मुळींच नाहीं. मोजपट्टीच्या दृष्टीनें याच्या आयुष्यांत कांहींच घडलेलें नाहीं. आणि नेमका हाच गज सुमारें एक टनाचा दाब मुकाट्यानें सोशीत असतो. हें बळ केवळ उष्णतेनें निर्माण केलें काय? तसें असतें तर दुसऱ्या गजांतही तें दिसलें असतें. वाढीला जागा नाकारली गेली, त्या नकारानें तें निर्माण केलें.

आतां कोणी म्हणेल कीं, मग नकार हा सर्वस्वीं वाईटच. पण आपल्या खेड्यांतला लोहार तसें म्हणणार नाहीं. बैलगाडीच्या चाकाला चढवावयाची लोखंडी धाव तो चाकाच्या घेराहून किंचित् लहान करतो, तांबडीलाल होईपर्यंत तापवितो, ती फुगली कीं चाकावर बसवितो आणि वरून पाणी ओततो. निवतांना धाव आखडूं पाहते. चाक तिला आखडूं देत नाहीं. तिच्या त्या न पुरलेल्या इच्छेच्या बळावर आरे, तुंबा आणि घेर एकमेकांना घट्ट धरून राहतात. धाव जन्मभर ताणलेली असते, म्हणून चाक चाक राहतें.

आगगाडीच्या रुळांची कथाही अशीच बोधप्रद आहे. पूर्वींच्या पद्धतींत दोन रुळांच्या मध्यें फट ठेवीत. १३ मीटरांचा रूळ ४० अंशांनीं तापला तर सहा मिलिमीटरांनीं वाढतो. तेवढी त्याची सोय. त्या फटीवरूनच चाकांचा खट्-खट् आवाज होई, आणि संसारांतही माणसांमध्यें अशी थोडी फट असावी, असें प्रवचन पुष्कळांनीं केलें. परंतु त्याच सांध्यांवर चाकांचे घाव बसून रुळांचीं टोंकें झिजतात, म्हणून अभियंत्यांनीं रूळ एकमेकांस जोडून सलग केले. मग ती वाढ गेली कोठें? ती बळ होऊन रुळांतच राहिली. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ ४० अंशांनीं तापला, तर त्यांत सुमारें ७५ टनांचा दाब उत्पन्न होतो. आणि सलग रूळ एक किलोमीटर असो कीं दहा, मधल्या भागांतला हा आंकडा बदलत नाहीं. स्लीपर आणि खडी त्याला जागच्या जागीं धरून ठेवतात. विदर्भांत वैशाखांत हवाच ४५ अंशांवर जाते, आणि उन्हांतला रूळ हवेहूनही पुष्कळ अधिक तापतो. अशा वेळीं कोठें खडी सैल झाली तर सरळ रूळ एकाएकीं बाजूला वांकतो. तासापूर्वीं पाहणाऱ्याला तो नेहमींसारखाच सरळ दिसलेला असतो!

म्हणूनच जाणता अभियंता रूळ कसा दिसतो यावर विसंबत नाहीं. तो कोणत्या उष्णतामानाला जखडला गेला, हें तो विचारतो. तें उष्णतामान वहींत नोंदलेलें असतें, आणि आजच्या ताणाचा हिशेब तेथूनच सुरू होतो. संशय आला तर रूळ सोडवितात, स्लीपरांवर न ठेवतां लहान लाटांवर ठेवून त्याला मोकळा होऊं देतात, आणि मग योग्य त्या लांबीला पुन्हां बांधतात.

आमच्या घरांत एक काकू होत्या. मोठ्या कुटुंबाचा सारा भार त्यांनीं चाळीस वर्षें वाहिला. “काकूंचें काय, त्या खंबीर आहेत,” हें वाक्य आम्हीं सर्वांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें त्यांचें दुसरें नांवच झालें होतें. एके रात्रीं आमच्या मुलीनें त्यांना सहज विचारलें, “काकूआजी, तूं या घरांत आलीस तेव्हां तुला काय व्हायचें होतें?” काकू क्षणभर थांबल्या आणि सांगूं लागल्या. सातवींत त्या तालुक्यांत पहिल्या आल्या होत्या. शिक्षिका होण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेजांत जाण्याचें ठरलें होतें. त्याच वैशाखांत लग्न झालें. हें सांगतांना त्यांचा आवाज कोठेंही चढला नाहीं. मात्र दिवा मालवावयास त्या रात्रीं बारा वाजले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमची मुलगी गणिताची वही घेऊन त्यांच्याजवळ बसूं लागली.

काकूंनीं घर धरून ठेवलें, तें त्या ताणासहित. चाकाला जशी धाव, तशा त्या घराला होत्या. त्यांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु धावेला कोणी विचारावयाचें नसतें आणि माणसाला विचारावयाचें असतें, एवढा भेद विसरतां कामा नये. पोलादाचा अंक तक्त्यांत छापलेला सांपडतो. माणूस कोणत्या ऋतूंत जखडला गेला, हें त्याच्या तोंडून ऐकल्यावांचून कळत नाहीं.