चंचीचा हिशेब

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नववीत शिकणाऱ्या माझ्या नातवाच्या शाळेच्या पँटच्या खिशात, धुणे भिजवताना, त्याच्या आजीला खर्र्याची रिकामी पन्नी सापडली. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण आमच्या कामरगावात पोर कोणासाठी पुडी नेत आहे, हे विचारतो कोण?

मी हाडाचा शिक्षक. ओसरीवर त्याला समोर बसवून अर्धा तास बोललो. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, ‘‘आबाजी, तुमच्या चंचीत काय वेगळं असते?’’

चंचीत तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी. चाळीस वर्षांची सोबत. तो सहा वर्षांचा असल्यापासून सुटे पैसे हातावर ठेवून त्याला ठेल्यावर पाठवीत आलो होतो तो मीच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघे कारंज्याला दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी साधी परीक्षा सांगितली. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालावीत. नातवाची तिन्ही बोटे सहज गेली. माझी दोनच गेली. वर्षभर भाजी तिखट लागते म्हणून मी सुनेला बोल लावीत होतो. दोष भाजीचा नव्हता. सुपारीमुळे गालांच्या आतील त्वचा हळूहळू ताठर होते, तोंडाची आग होते, मग तोंड उघडेनासे होते. आणि हा विकार पुढे कर्करोगाची वाट मोकळी करू शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही घातकच. ‘‘आवळले ते पूर्ववत होणे कठीण, पुढचे थांबवता येईल,’’ असे डॉक्टर म्हणाले. नातू माझ्याकडे पाहत होता. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे साधले नव्हते, ते त्या दोन बोटांनी साधले असावे.

परतताना बसमध्ये करार झाला : दोघांनीही सोडायचे. माझे पहिले आठ दिवस वाईट गेले. चिडचिड, बद्धकोष्ठ, पहाटे तीनलाच जाग. घरातील वडीलधाऱ्यांना सोडवू पाहणाऱ्यांनी हे दिवस ओळखावेत. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा राग धरू नये. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, हे मला या वयात कळले. तेवढ्यात घोटभर पाणी प्यावे, अंगणात दोन चकरा माराव्यात, चिमूटभर सोप चावावी. नातवाच्या खिशात त्याची आजी फुटाणे भरू लागली. (शाळेतून खिसा रिकामा येतो; मित्रही खातात म्हणे.) १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते, मी संकोच सोडून तेथे दोनदा बोललो. संध्याकाळी आम्ही शेतापर्यंत चालत जातो. वाटेत तो शाळेचे सांगतो. पूर्वी मी ते कधी विचारलेच नव्हते.

भिंतीवरील कॅलेंडरवर त्याने दोन रकाने आखले आहेत, एक त्याचा, एक माझा. चुकलेल्या दिवशी फुली. माघात एका लग्नाच्या पंगतीनंतर कोणीतरी पान पुढे केले आणि मी खाल्ले, तंबाखूसकट. घरी आल्यावर गप्प राहता आले असते. मी नातवाला सांगितले. त्याने काही न बोलता माझ्या रकान्यात फुली मारली. पेन हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि मग आपल्या रकान्यातील मागच्या एका तारखेवरही त्याने फुली मारली.

मी काही विचारले नाही. चपला घातल्या, आणि आम्ही शेताकडे निघालो.