दोन ठिकाणी असलेला कागद

मुसलमान ओबीसी घरातून जातीचा दाखला काढायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : मुसलमान. पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी, मनियार या नावांनीच गाव ज्यांना हाक मारायचं, त्यांची ही ओळख रजिस्टर भरणाऱ्या गुरुजींना लिहायच्या लायकीची वाटली नसावी. गावात कुणाला दाखला लागत नव्हता, तोवर कुणाचं काही अडलंही नाही.

आता अडतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. महाराष्ट्राच्या 2000 सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याचं कलम 8 स्पष्ट सांगतं की, आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच. म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं, याचा हिशेब आज बारावीत शिकणाऱ्या पोरीनं द्यायचा.

आमच्या घराचं नशीब की, दादांच्या नावासमोर 'मुसलमान पिंजारी' असं लिहिलेलं आहे. (आमच्यात वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतात.) काटोल तालुक्यातल्या शाळेत अब्बा स्वतः गेले होते, रजिस्टर उघडून घेतलं, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणला. फोटो म्हणजे काही पुरावा नव्हे. समितीला शाळेची प्रमाणित नक्कलच लागते. पण फोटोत रजिस्टरचं वर्ष दिसतं, पान दिसतं, अनुक्रमांक दिसतो. हे तीन आकडे हातात असले की शाळेतला बाबू कपाट उघडतो. नसले तर "रेकॉर्ड सापडत नाही" हे उत्तर तयारच असतं. माझ्या पुतणीची व्हॅलिडिटी या तीन आकड्यांवर उभी आहे.

अब्बा आता नाहीत. तो फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. त्याच फोनमध्ये त्यांनी मला, भावाला, आपाला पाठवलेले व्हॉइस मेसेजही होते. "बेटा, येताना अद्रक घेऊन ये," एवढाच मजकूर. पण त्यांचा आवाज आता दुसरीकडं कुठं नाही.

या दोन गोष्टी कुठं ठेवायच्या, हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. सगळे एकच सांगत : क्लाउडवर टाक आणि विसरून जा. टाकायला हरकत नाही. पण विसरून जा, हे मला पटत नव्हतं.

कागदाचं बोलायचं तर नागपूरकरांना 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवत असेल. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरात शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या लोकांनी नंतर कितीतरी दिवस गच्चीवर कागद वाळवले. मार्कशीट, खरेदीखत, निकाहनामा. शाई एकदा पसरली की उन्हानं परत येत नाही. गावातल्या शाळेत पूर आला नाही तरी वाळवी आहेच.

फोनचं वय तर आपल्याला माहीत आहे. तीन-चार वर्षं. मध्येच तो हातातून पडतो, चोरीला जातो, पाण्यात जातो.

आणि क्लाउड? क्लाउड म्हणजे ढग नव्हे, दुसऱ्याच्या इमारतीतला कॉम्प्युटर. तिथं आपण भाडेकरू असतो, आणि भाड्याच्या अटी मालक बदलू शकतो. गुगल फोटोजमध्ये एके काळी हवे तेवढे फोटो फुकट राहत. 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि त्याच 15 जीबीत मेल आणि ड्राइव्हही आले. दुसरी अडचण चावीची आहे. खात्याचा कोड मोबाइल नंबरवर येतो. माणूस गेल्यावर नंबर बंद पडतो, आणि बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. मग दार आपलं असूनही उघडत नाही. तिसरी अडचण नेटची. काश्मीरमध्ये 5 ऑगस्ट 2019 ला इंटरनेट तोडलं गेलं, ते 4-जीच्या रूपात पूर्ण परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. त्या काळात ज्यांचे कागद फक्त ढगात होते, त्यांच्यासाठी ते कागद नव्हतेच.

पण मला निर्णय घ्यायला लावला तो अम्मीनं. तिच्या नव्या फोनवर फोटो आपोआप वर जायला लागले होते. घरातल्या लग्नाचे, हळदीचे, बायकाबायकांत काढलेले, डोक्यावर ओढणी नसलेले. दवाखान्याच्या रिपोर्टचेही. तिनं ते पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुठं जाते, बाबू?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"का बरं? आपल्या घरी कॉम्प्युटर नाही का?"

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. अम्मीनं तो वाचलेला नाही. तिचा मुद्दा साधा होता : घरात कॉम्प्युटर आहे, फोन आहे, मग घरातली वस्तू घरातच एकाकडून दुसऱ्याकडं का जाऊ नये?

जाऊ शकते. सगळ्यात सोपा मार्ग केबलचा. यात दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिली, बाजारातल्या काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. अशी केबल लावली की फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागत नाही, आणि आपल्याला वाटतं फोन बिघडला. दुसरी, अँड्रॉइड फोन जोडल्यावर आधी फक्त चार्जिंग धरतो. वरून सूचना खाली ओढून 'फाइल ट्रान्स्फर' निवडावं लागतं. मग फोनमधलं फोल्डर कॉम्प्युटरवर दिसतं. फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे आवाज त्याच्या मीडियाच्या फोल्डरात 'व्हॉइस नोट्स'मध्ये सापडतात, आठवड्या-आठवड्याच्या वेगळ्या फोल्डरांत. फाइलच्या नावात तारीख आणि क्रमांक एवढंच असतं, कुणाचा आवाज ते नसतं. अब्बांचे मेसेज मी एकेक ऐकून वेगळे केले. या कामाला चार रात्री लागल्या, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

केबलनं एकदाचं काम होतं. रोजचं होत नाही, कारण रोज केबल लावायला कुणी बसत नाही. रोजच्यासाठी मी 'सिंकथिंग' नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते 2013 पासून आहे, फुकट आहे, आणि त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. त्यात खातं काढावं लागत नाही, नंबर द्यावा लागत नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. फोनमध्ये कॉम्प्युटरचा आणि कॉम्प्युटरमध्ये फोनचा क्रमांक घालायचा; दोन्हीकडून कबूल म्हटल्याशिवाय जोड होत नाही. निकाहासारखंच, एकाच्या होकारानं भागत नाही. मग कुठलं फोल्डर वाटून घ्यायचं ते सांगायचं. दोन्ही यंत्रं घरच्या वायफायवर आली की एकमेकांना शोधतात आणि जे इकडं नवीन ते तिकडं नेतात. इंटरनेट बंद असलं, रिचार्ज संपलेला असला तरी राउटर चालू असेपर्यंत हे काम चालतं. बाहेरच्या सर्व्हरांची मदत घ्यायची नसेल तर सेटिंगमध्ये ती बंद करता येते. मी केली आहे.

एक खबरदारी सांगतो. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. आता 'सिंकथिंग-फोर्क' वापरतात, ते एफ-ड्रॉइडवर मिळतं. कॉम्प्युटरवरचं मूळ सॉफ्टवेअर चालूच आहे. आणि रोजचं काहीच नको, कधीतरी एखादी फाइल इकडून तिकडं द्यायची असेल, तर 'लोकलसेंड' किंवा 'केडीई कनेक्ट' पुरे. तीही घरच्याच वायफायवर चालतात.

हे कसं चालतं ते पुतणीला समजावताना मला रमजानमधली तरावीह आठवली. पुढं हाफिजसाहेब कुराण तोंडपाठ म्हणत असतात. मागं पहिल्या सफमध्ये दुसरा हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात. पुढच्याचा एखादा शब्द सुटला, आयत चुकली, की मागून लगेच लुकमा मिळतो. रमजानच्या आधी हे दोघं समोरासमोर बसून दौर करतात, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मध्ये कुठलं मुख्य कार्यालय नसतं. दोघांच्या छातीत पूर्ण प्रत असते आणि दोघं एकमेकांशी ताडून पाहतात. सिंकथिंगही फाइलचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतं, दोन्हीकडचे ठसे ताडतं आणि जिथं फरक तेवढाच तुकडा पाठवतं. पुतणी म्हणाली, "म्हणजे चाचा, फोन पुढं आणि कॉम्प्युटर सामे." मी म्हटलं, कधी उलटंही.

पण ही तुलना एका ठिकाणी थांबते, आणि तिथंच लोक फसतात. सामे चूक दुरुस्त करतो. सिंकला चूक कोणती आणि इच्छा कोणती ते कळत नाही. फोनवरून तुम्ही फोटो पुसला तर तो आज्ञाधारकपणे कॉम्प्युटरवरूनही पुसतो. लहान मुलाच्या हातात फोन गेला तर पाच मिनिटांत दोन्ही प्रती साफ. म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. यावर दोन उपाय आहेत. एक, सिंकथिंगमध्ये कॉम्प्युटरच्या बाजूला जुन्या प्रती ठेवण्याची सोय चालू करायची, म्हणजे फोनवर पुसलेली फाइल तिथं वेगळ्या फोल्डरात पडून राहते. दुसरा, तिसरी प्रत करायची आणि ती घराबाहेर ठेवायची. कारण फोन आणि कॉम्प्युटर एकाच घरात असले तर पूर दोघांनाही सारखाच भिजवतो. चोरही दोन्ही उचलतो.

आमची तिसरी प्रत कामठीला आहे, आपाकडं. एक छोटी हार्डडिस्क. ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली आहे. तिचा पासवर्ड एका कागदावर लिहून भावाकडं ठेवला आहे, डिस्कजवळ नाही. वर्षातून दोन वेळा, दोन्ही ईदांना, आपा ती डिस्क शीरखुर्म्याच्या डब्यासोबत पिशवीत घालून आणते. संध्याकाळी पाहुणे गेले की मी नवीन फाइली चढवतो, दोन-तीन उघडून पाहतो, आणि डिस्क परत जाते. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नसते, एवढा नियम मी घरात घालून दिला आहे.

मी क्लाउड सोडलेला नाही. डिजिलॉकरमध्ये आधार आहे, मार्कशीट आहेत, आणि ते असलेलं बरंच, कारण तिथली मार्कशीट बोर्डानंच दिलेली असते. दादांचं रजिस्टरचं पान मात्र कुठलंही खातं डिजिलॉकरला देत नाही. आपण टाकलं तर तिथंही तो साधा फोटोच. ज्या गोष्टी पुन्हा मिळू शकतात त्या कुठंही राहू द्याव्यात. ज्या पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक पूर्ण प्रत तरी अशा जागी हवी, जिथं जायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्या वस्तीत या कामाला बसणारी पोरं आहेत. फोनवर रात्र रात्र रील पाहणारी पोरं एका रविवारी घरातल्या सगळ्या कागदांचे फोटो काढू शकतात, त्यांना नीट नावं देऊ शकतात : कुणाचा, कुठला, कुठल्या सालचा, रजिस्टरचं पान कितवं. नाव देणं हेच खरं काम आहे, बाकी यंत्र करतं. मुसलमान घरांमध्ये कागद बहुधा लोखंडी पेटीत, अम्मीच्या साड्यांच्या खाली असतात, आणि पेटीची आठवण दाखला मागितल्यावरच येते. तेव्हा मुदतीला आठ दिवस उरलेले असतात.

पुतणीचा अर्ज आता समितीकडं आहे. शाळेची प्रमाणित नक्कल जोडली आहे. निकाल काय येतो ते पाहू. तिनं मात्र एक काम स्वतःहून केलं. दादांच्या पानाच्या फाइलला नाव देताना तिनं वर्ष, पान, अनुक्रमांक लिहिले आणि शेवटी जोडलं, 'फोटो अब्बाजींनी काढला.' तिच्या मुलांना कधी हा कागद लागला, तर तो कुणी आणला तेही त्यांना कळेल.