साडेचारशे रुपयांचं डोंगल

झरी परभणी–जिंतूर रस्त्यावर आहे. आमच्याकडे कम्प्युटर बिघडला की कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळायचं, एसटीत मांडीवर घ्यायचं आणि परभणीला न्यायचं. २०१८च्या उन्हाळ्यात मी असंच नेलं. पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस शिरला होता. दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला, पुन्हा तेच क्रॅक केलेलं विंडोज टाकलं आणि तीनशे रुपये घेतले.

त्यात आईच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब होता. आई गटाची सचिव. पुढचे पंधरा दिवस रात्रीची जेवणं झाली की ती बायकांची पासबुकं घेऊन बसायची आणि मी आकडे भरायचो. दोघींचे हप्ते काही केल्या जुळले नाहीत. ते तिने स्वतःच्या पैशातून भरले. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लिनक्सकडे मी वळलो तो यामुळे. सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य वगैरे नंतर वाचलं. तिथेही मुळाशी एक प्रिंटरच निघाला म्हणा. अमेरिकेतल्या एमआयटीत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळेना, म्हणून रिचर्ड स्टॉलमन वैतागला. १९८३मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा वैताग होता. यंत्र माझं आणि चावी दुसऱ्याकडे, हे मला परभणीच्या त्या दुकानात कळलं होतं.

जुनं मशीन २०१९मध्ये कायमचं गेलं. त्याच ऑक्टोबरात परतीच्या पावसाने मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं. आमच्या गंजीला कोंब फुटले. अशात नवा कम्प्युटर मागायची माझी हिंमत नव्हती. डिसेंबरात कापसाचे पैसे आले तेव्हा अण्णांनीच विचारलं, "किती लागतेत?" मी बावीस हजार म्हणालो. त्यांनी वीस दिले. दोन माझ्याकडे होते.

तर या बावीस हजारांत चूक परवडणार नव्हती. एकेक पार्ट घेऊन जोडायचा तर तो दुसऱ्या पार्टशी जुळला पाहिजे, आणि वर लिनक्सशीही. मी दोनशे पानी वही केली. आजी म्हणाली, "पत्रिका जुळवायलास काय?"

ग्राफिक्सचं लवकर ठरलं. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. (एनव्हिडियाने आपले कर्नल मॉड्यूल खुले करायला मे २०२२ उजाडला.) म्हणून रायझन ३ ३२००जी, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. आता गंमत बघा. हा प्रोसेसर जुलै २०१९चा आणि त्याला चालणारा बी४५० बोर्ड २०१८चा. दोघांचं सॉकेट एकच, एएम४. पण बोर्ड दुकानात जुना पडलेला असेल तर त्याचा बायॉस हा प्रोसेसर ओळखत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. बायॉस अपडेट करायला आधीचा प्रोसेसर लागतो. तो कुठून आणणार? म्हणून खोक्यावर 'रायझन ३००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर बघूनच बोर्ड घ्यायचा. हे वाक्य मी वहीत लाल पेनने लिहिलं. रॅम चारच्या दोन काड्या, आठची एक नाही, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन काड्यांनी त्याला वेग मिळतो.

सगळ्यात जास्त पानं गेली ती एसएमपीएसवर. गावात लाइट जाते, त्यामुळे यूपीएस हवाच. घरी होता तो स्वस्तातला. असे यूपीएस बॅटरीवर गेले की शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये जे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतं, त्यातल्या काहींना ही वेव्ह पचत नाही. म्हणजे लाइट गेल्यावर वाचवायला ठेवलेला यूपीएस नेमका तेव्हाच मशीन बंद पाडणार. मी साधा, पण नावाचा एसएमपीएस निवडला.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी दादर, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानं उघडायची वाट बघत चहा. दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो ना भाऊ, फुकट." नको म्हणालो. स्टिकर बघितलं, वही बघितली, एकेका पार्टवर टिक केली. शेवटी साडेसहाशे उरले. घरी लॅनची वायर नव्हती, तेव्हा साडेचारशेचं वायफाय डोंगल घेतलं. हॉस्टेलमधल्या मित्राचं तेच होतं, लिनक्सवर लावलं की चालायचं. वहीत बघितलंही नाही.

घरी आल्यावर जोडणीला चार तास लागले. पहिल्याच बटणाला स्क्रीन उजळली. मी मुद्दाम यूपीएसचा प्लग खेचला. "चालू झालेलं बंद कशाला करायलास?" आई ओरडली. मशीन चालूच राहिलं. अण्णा दारात उभे होते, ते हसले.

मग डोंगल लावलं. काहीच नाही.

टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही कमांड दिली, तेव्हा चिपचा खरा नंबर दिसला. मित्राच्या डोंगलमध्ये अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. माझ्याही खोक्यावर नाव तेच, फोटो तोच. फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात 'व्हर्जन २', आणि आत भलत्याच कंपनीची चिप. तिचा ड्रायव्हर इंटरनेटवर होता. इंटरनेट डोंगलवर अवलंबून होतं.

तो बदलून आणायला पुन्हा एक रात्र जायची नि एक रात्र यायची. अण्णांनी विचारलं, "विंडोजवर असं झालं नसतं का?" नसतं झालं, म्हणालो. ते काही न बोलता गोठ्याकडे गेले.

सुटका फोनने केली. चार्जिंगची केबल कम्प्युटरला लावली, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि पाचव्या सेकंदाला नेट आलं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, तुम्ही हे वाचताय त्या फोनमध्येही बहुधा तोच असेल. ड्रायव्हरचा कोड उतरवला, कम्पाइल केला, डोंगलचा दिवा लागला. पण कर्नल अपडेट झाला की तो विझायचा आणि मी पुन्हा केबल शोधायचो. तीन महिन्यांनी कंटाळून एआर९२७१वालं डोंगल मागवलं, आधी विकणाऱ्याकडून खोक्याच्या कोपऱ्याचा फोटो घेऊन.

बचत गटाचा हिशेब आता लिब्रेऑफिसमध्ये आहे. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये असते, ती आई स्वतः कपाटात ठेवते.

जुनं डोंगल खणात पडून होतं. फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नल ६.२ आला, त्यात त्या चिपचा ड्रायव्हर होता. नवा कर्नल टाकला आणि सहज म्हणून लावून बघितलं. लागलं. सध्या ते गटातल्या एका काकूंच्या मुलीच्या लॅपटॉपला आहे.