पलंगाखालची छोटी लाइन

सुट्टीत रायपूरला घरी आलो की पहिलं काम म्हणजे पलंगाखालची फळी बाहेर ओढणं. तिच्यावर माझी रेल्वे आहे. पुण्याला मामाकडे गेलो असताना कर्वे रस्त्यावरचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. तेव्हापासून हे वेड लागलं.

मी ठरवलं, आपण रायपूर-धमतरी छोटी लाइन करायची. 1900 साली सुरू झालेल्या त्या लाइनवरून आजोबा धमतरीला जायचे. शहरातले तिचे रूळ निघाले, तिथे आता रस्ता आहे. त्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. 87 ने भागलं तर जवळजवळ पावणेनऊ. म्हणजे 9 मिलिमीटरचे तयार रूळ चालतील! हे गणित जुळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

बाकी सगळी कटकटच. इंजिन वळणावर रूळ सोडतं. मी वसतिगृहात असताना रुळांवर धूळ बसते, मग वीज पोचत नाही. स्पिरिटने पुसत बसायचं. आईच्या झाडूने सिग्नल पडतो. गाडी नीट धावू लागते, तोवर सुट्टी संपते.

यंदा पुठ्ठ्याचं तेलीबांधा स्टेशन केलं. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "इथे एक कडुलिंब होता रे. त्याच्याखाली आम्ही गाडीची वाट बघायचो."

सकाळी मला निघायचं होतं. रात्री तारा पिळून खोड आणि फांद्या केल्या. पानं पुढच्या सुट्टीत.