विचारणारी माणसं

अमेरिकेत वर्षभर शिकून आले म्हटलं, की लोक न्यूयॉर्कबद्दल विचारतात. मी होते आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात. चहूकडे मका आणि सोयाबीन, मध्ये एक शाळा, तीन चर्च आणि एक किराणा दुकान. ऑगस्ट २००८ मध्ये मिरजेहून गेले, तेव्हा मी सोळा वर्षांची होते.

२००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारने २००२ साली 'केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी' हा कार्यक्रम सुरू केला. मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतली शाळकरी मुलं तिथल्या कुटुंबात राहतात, तिथल्याच शाळेत शिकतात. म्हणजे जेवणाच्या टेबलापासून शाळेच्या बसपर्यंत आपण सतत देशाचे आणि धर्माचे प्रतिनिधी. त्या वयात ते ओझंच होतं.

पोहोचले आणि लगेच रमजान लागला. वर्गातली मुलं तोंडावर विचारायची, "पाणीसुद्धा नाही? घरचे जबरदस्ती करतात का?" काही प्रश्न बोचायचे. पण उत्तर ते ऐकून घ्यायचे. मी जिच्या घरी राहायचे, त्या बाईंनी सहरीची वेळ विचारली आणि म्हणाल्या, "तेव्हा तुझ्यासोबत कुणी बसलेलं आवडेल का?" चर्चच्या तळघरात गावजेवण असायचं, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. एका आजींनी मला काय चालतं ते एकदाच विचारलं. पुढे दर वेळी भांड्यांसमोर चिठ्ठ्या असायच्या : यात डुकराचं मांस आहे, यात नाही.

सगळेच असे नव्हते. एका गृहस्थांनी वर्षभर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सीडर रॅपिड्सला 'मदर मॉस्क' आहे. लेबनॉन-सीरियाकडून आलेल्या स्थलांतरितांनी ती १९३४ मध्ये बांधली. मशीद म्हणून बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या इमारतींत ती सर्वांत जुनी मानतात. घरचे मला ती दाखवायला घेऊन गेले. जन्मभर आयोवात राहिलेले ते गृहस्थ सरळ म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं."

हे वाक्य मी मिरजेत क्वचितच ऐकलं होतं. आमचा शेजार पिढ्यानपिढ्यांचा. ईदला आमचा शीरखुर्म्याचा डबा शेजारी जायचा आणि साखर घालून परत यायचा. शीरखुर्मा त्या घरात कुणी खाल्ला की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. "तुझं मराठी किती छान!" हे मात्र मी बालवाडीपासून ऐकत आले. मी मराठीच बोलणार, हे कुणी गृहीत धरलं नाही, बाकी सगळं धरलं.

तरी अम्मी आजारी पडली, तेव्हा याच शेजारणी भाकरी घेऊन आल्या, न विचारता. आयोवात फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. न विचारता धावून येणं मला तिथे फार आठवायचं. पण न विचारताच माणूस कसा आहे हे ठरवून टाकणं, हेही आपल्याकडचंच.

आता ईदला डबा देताना मी शेजारच्या काकूंना सरळ विचारते, "तुमच्याकडे चालतं ना? नसेल तर सुका मेवा देते." पहिल्या वर्षी त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे खात नाहीत. मी खाते. थोडा जास्तच दे."